आवाज आला, पण कुठून आला? : दोन कान, दिशा आणि कानाचं मशीन

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी अवतार. बोलतानाचे 'अं', 'हं' काढून टाकलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

सुरुवात एका छोट्या प्रयोगाने करू. हेडफोन काढा, डोळे मिटा. घरातल्या कुणाला तरी सांगा की खोलीत कुठेही उभं राहून किल्ल्यांचा जुडगा वाजव. तुम्ही फक्त आवाजाकडे बोट दाखवायचं. बहुतेक वेळा बरोबर येईल. आता एका कानात बोट घट्ट घाला आणि पुन्हा करून बघा. किल्ल्या ऐकू येतील, पण तुमचं बोट उघड्या कानाच्या बाजूला सरकायला लागेल.

म्हणजे आवाज ऐकू येणं ही एक गोष्ट, आणि तो कुठून आला हे कळणं ही दुसरी. आजचा भाग या दुसऱ्या गोष्टीचा आहे.

हे महत्त्वाचं का? कारण आपल्यापैकी बऱ्याच घरांत एक वाक्य रोज बोललं जातं: "आजोबा, मशीन लावलंय ना, मग ऐकू कसं येत नाही?" आजोबांना घरात टीव्ही नीट ऐकू येतो. पण लग्नाच्या हॉलमध्ये गेलं की ते गप्प होतात, मशीन काढून खिशात ठेवतात. आपल्याला वाटतं, हट्टीपणा आहे. हा नेहमीच हट्टीपणा नसतो, आणि ते समजून घ्यायला आपल्याला जवळजवळ दीडशे वर्षं मागे जावं लागेल.

हिरवळीवर डोळे मिटून उभा असलेला शास्त्रज्ञ

लॉर्ड रॅले हे नाव फिजिक्सवाल्यांनी ऐकलेलं असतं. आकाश निळं का, याचं गणित मांडणारा हा इंग्रज. आरगॉन वायूच्या शोधाशी जोडलेल्या कामासाठी १९०४ चं नोबेल त्याला मिळालं. पण १८७० च्या दशकात त्याने एक फार साधा प्रयोग केला होता. मोकळ्या हिरवळीवर डोळे मिटून उभं राहायचं, भोवती माणसं उभी करायची, आणि त्यांनी आवाज केला की दिशा ओळखायची. माणसांचं बोलणं असेल तर दिशा छान कळायची. नादकाटा, म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतला ट्यूनिंग फोर्क, वाजवला तर मात्र गंमत व्हायची. डावा की उजवा हे कळायचं, पण पुढे की मागे हे काही केल्या कळायचं नाही.

डावं-उजवं कसं कळतं याचं त्या काळातलं उत्तर सोपं होतं: ज्या बाजूला आवाज, त्या कानाला तो मोठा. डोकं मध्ये येतं आणि पलीकडच्या कानावर आवाजाची सावली पडते. वरच्या पट्टीतल्या आवाजांसाठी हे अगदी खरं आहे. तिथे दोन कानांमधला फरक २० डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. पण खर्जातल्या आवाजाचं काय? १२८ हर्ट्झच्या नादकाट्याची एक लाट सुमारे पावणेतीन मीटर लांब असते. तिच्यापुढे आपलं डोकं म्हणजे नदीतला खुंटा. लाट त्याला सहज वळसा घालून जाते, सावली पडतच नाही. तरीही डावं-उजवं कळत होतं.

याचं उत्तर रॅलेने १९०७ मध्ये दिलं. दोन कानांना दोन नळ्या लावायच्या. दोन्हींत जवळपास एकाच सुराचे, पण किंचित वेगळे नादकाटे ऐकवायचे. सूर किंचित वेगळे असल्याने एका कानातली लाट दुसऱ्या कानातल्या लाटेच्या हळूहळू पुढे जाते, मग मागे पडते. ऐकणाऱ्याला वाटतं, आवाज एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरतोय. म्हणजे खालच्या पट्टीत कान मोठेपणा बघत नाहीत, वेळ बघतात.

किती वेळ? आवाज अगदी उजवीकडून आला, तर डाव्या कानापर्यंत पोचायला त्याला साधारण २२ सेंटीमीटर जास्त जावं लागतं. आवाजाच्या वेगाने याला लागतात फक्त ०.६५ मिलिसेकंद. हा झाला जास्तीत जास्त फरक. सराव असलेला माणूस तर १० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या एक लाखाव्या भागाचा फरकही ओळखू शकतो. समोरून येणाऱ्या आवाजात एक अंशाइतका बदल आपल्याला कळतो, तो याच हिशेबाच्या जोरावर.

मेंदू हे कसं करत असेल, याचा एक सुंदर अंदाज १९४८ मध्ये लॉइड जेफ्रेस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडला. दोन्ही कानांकडून येणाऱ्या नसा, वाटेत वेगवेगळ्या लांबीचे वळसे, आणि दोन्हीकडचे संदेश ज्या पेशीवर एकाच क्षणी पोचतील ती पेशी म्हणजे दिशा. चाळीसेक वर्षांनी कॅथरीन कार आणि मासाकाझू कोनिशी यांना गव्हाणी घुबडाच्या मेंदूत जवळपास अशीच रचना सापडली. सस्तन प्राण्यांत हे थोडं वेगळं चालतं असं पुढे दिसलं, पण मूळ मुद्दा तोच राहिला. दिशा कुठल्याही एका कानात नसते. ती दोन कानांच्या फरकात असते.

आणि पुढचं-मागचं, वरचं-खालचं? तिथे कामाला येतात आपल्या बाहेरच्या कानाच्या घड्या. त्या वेड्यावाकड्या वळणांवर आपटून वरच्या पट्टीतला आवाज किंचित बदलतो, आणि तो बदल दिशेनुसार वेगळा असतो. नादकाट्याचा सूर एकच आणि खालचा, म्हणून रॅलेला पुढचं-मागचं कळत नव्हतं.

आता इथेच पहिली गोची होते. वयानुसार ऐकणं कमी होतं ते बहुतेक वेळा वरच्या पट्टीपासून. 'स' हलका होतो, 'साठ' म्हटलं तर 'आठ' ऐकू येतं, हे आपल्याला माहीत असतं. पण त्याच पट्टीत पुढच्या-मागच्या दिशेची खूणही असते, आणि तीही सोबतच जाते. आजी-आजोबांना मागून हाक मारली की ते भलतीकडे बघतात, त्याचं हे एक कारण.

विमानासाठी दोन कान

गंमत बघा. दोन कानांचं महत्त्व जगाला फार लवकर कळलं होतं. १८८१ च्या पॅरिसमधल्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनचे मायक्रोफोन लावून तो आवाज तारेने प्रदर्शनात आणला होता. लोक दोन कानांना दोन रिसीव्हर लावून ऐकायचे, आणि गायक रंगमंचावर कुठे सरकला ते त्यांना कळायचं. एका अर्थाने हा स्टिरिओच, ग्रामोफोन घराघरात जाण्याच्याही आधीचा.

मग पहिलं महायुद्ध आलं. रडार नव्हतं, विमानं मात्र होती. सैन्याने काय केलं? मोठमोठे कर्णे एकमेकांपासून दूर बसवले आणि त्यांच्या नळ्या एका सैनिकाच्या दोन कानांना जोडल्या. कान जितके लांब तितका वेळेचा फरक जास्त, दिशा तितकी नेमकी. सैनिकाचं डोकंच जणू काही मीटर रुंद केलं. रॅलेचं शास्त्र थेट रणांगणावर!

१९३१ मध्ये ॲलन ब्लमलीन या इंग्रज इंजिनिअरने स्टिरिओ रेकॉर्डिंगच्या पेटंटसाठी अर्ज केला. पडद्यावर नट डावीकडून उजवीकडे जातो, पण आवाज एकाच जागेवरून येतो, हे त्याला सिनेमा बघताना खटकलं असं सांगतात.

म्हणजे ऑपेराला दोन कान मिळाले, युद्धाला मिळाले, सिनेमाचाही विचार झाला. मग ज्यांना खरोखर कमी ऐकू येतं, त्यांना काय मिळत होतं?

सिंहासन ते छातीवरचा डबा

१८१९ मध्ये लंडनच्या एफ. सी. रेन याने पोर्तुगालचा राजा सहावा जुआंव याच्यासाठी एक सिंहासन बनवलं. तेव्हा गोवाही याच राजाच्या अमलाखाली होता. राजाला कमी ऐकू यायचं. सिंहासनाच्या हातांवर आ वासलेले सिंह कोरले होते. समोर आलेल्या माणसाने गुडघे टेकून सिंहाच्या तोंडात बोलायचं. आवाज आतल्या पोकळीतून एका नळीत आणि नळीतून राजाच्या कानात. कल्पना अफलातून, पण एक लक्षात घ्या: दरबारात कोण कुठे उभं राहून कुजबुजतंय, हे राजाला त्यातून कळणं शक्य नव्हतं. सगळे आवाज एकाच नळीतून येणार.

विजेवर चालणारी मशीन आली ती टेलिफोनच्या घरातून. १९०० च्या आसपासच्या या मशीनमध्ये टेलिफोनसारखाच कार्बनचा मायक्रोफोन असायचा. त्यामुळे त्यांना टेलिफोनचा स्वभावही मिळाला: एक मायक्रोफोन, एक तार, एक कान. टेलिफोनवर समोरचा कुठल्या दिशेला आहे हे कळायची गरजच नसते. रस्त्यावर असते.

पुढे व्हॅक्यूम ट्यूब आल्या. मशीन म्हणजे छातीवर किंवा खिशात ठेवायचा डबा, आणि तिथून कानापर्यंत वायर. ब्रिटनमध्ये १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा लोकांना मेड्रेस्को नावाचं असंच मशीन फुकट मिळू लागलं. आपल्याकडेही सरकारी शिबिरांमधून अशी खिशातली मशीन कित्येक वर्षं वाटली गेली. अनेकांना यामुळे शाळा शिकता आली, नोकरी करता आली. त्याचं मोल कमी नाही.

पण दिशेच्या बाबतीत बघा. मायक्रोफोन कुठे? छातीवर. डोकं वळवलं तरी मायक्रोफोन वळत नाही. वरून सदऱ्याची खसखस मोफत. काही मशीनना दोन फाटे असलेली वायर जोडून दोन्ही कानांत रिसीव्हर बसवत. ऐकायला वाटतं, चला, दोन कान झाले. पण दोन्ही कानांना जातोय एकच सिग्नल. फरक शून्य, म्हणजे दिशा शून्य. हा पॉडकास्ट तुम्ही हेडफोनवर ऐकता तेव्हा माझा आवाज डोक्याच्या मधोमध कुठेतरी वाटतो ना? कारण तो मोनो आहे. या लोकांचं सगळं जगच तसं मोनो.

मग ट्रान्झिस्टर आला. ट्रान्झिस्टर म्हटलं की आपल्याला रेडिओ आठवतो, पण त्याच्या दोनेक वर्षं आधी, १९५२ च्या अखेरीस, अमेरिकेत सोनोटोन १०१० हे ट्रान्झिस्टर असलेलं कानाचं मशीन बाजारात आलं. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलची आई आणि बायको दोघींनाही ऐकू येत नव्हतं. त्याच्या स्मरणार्थ बेल लॅब्जवाल्यांनी कानाच्या मशीनसाठी ट्रान्झिस्टरची रॉयल्टी माफ केली होती. मशीन लहान झालं, आणि १९५० च्या दशकाच्या मध्यात ते चष्म्याच्या दांडीत, मग कानामागे जाऊन बसलं. आता प्रत्येक कानाला स्वतःचा मायक्रोफोन देता येत होता. राजाच्या सिंहासनानंतर जवळपास १३५ वर्षांनी!

लग्नाच्या हॉलचं कोडं

याच सुमाराला, १९५३ मध्ये, कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने एक शोधनिबंध लिहिला. प्रश्न असा: गर्दीत पन्नास जण बोलत असताना आपण एकाचंच बोलणं कसं ऐकतो? त्याने एकाच माणसाच्या आवाजातले दोन मजकूर एकत्र करून ऐकवले. लोकांना ते वेगळे काढताना घाम फुटला. मग एक मजकूर एका कानात, दुसरा दुसऱ्या कानात दिला. आता लोक हव्या त्या कानातलं सहज ऐकू शकले.

लग्नाच्या हॉलचं उत्तर इथे आहे. आवाज वेगवेगळ्या जागी आहेत हे कळलं, तरच मेंदू एक उचलून बाकीचे मागे ढकलू शकतो. जागाच कळली नाही तर सनई, भांड्यांचा खणखणाट, आत्याचं बोलणं आणि मागच्या टेबलावरचं हसणं यांचा एकच काला होतो. मशीन तो काला आणखी मोठा करून कानात ओततं. माणूस मशीन काढून खिशात ठेवतो, यात नवल ते काय?

दोन मशीन, तरी घोळ

मग आज दोन्ही कानांना चांगली डिजिटल मशीन लावली की प्रश्न मिटला? पूर्ण नाही. २००६ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या संशोधकांनी दोन मशीन वापरणाऱ्यांचं दिशाज्ञान तपासलं. निष्कर्ष त्यांनी शीर्षकातच टाकला: मशीनशिवाय जास्त बरं. आवाज पुरेसा मोठा असेल, तर या लोकांना मशीन काढल्यावर डावं-उजवं अधिक नीट ओळखता येत होतं.

का? तीन कारणं सांगतो.

पहिलं, मायक्रोफोनची जागा. कानामागच्या मशीनचा मायक्रोफोन कानाच्या वर बसतो. घड्यांमध्ये होणारा तो बारीक बदल त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पुढचं-मागचं गेलं.

दुसरं, कॉम्प्रेशन. मशीन हळू आवाज जास्त वाढवतं आणि मोठा आवाज कमी वाढवतं, नाहीतर कानठळ्या बसतील. आता समजा, उजवीकडून कुणी बोललं. उजव्या कानाशी ७० डेसिबल, डाव्याशी ६०. फरक १०. उजव्या मशीनने १० वाढवले, झाले ८०. डाव्याने हळू आवाज म्हणून १५ वाढवले, झाले ७५. फरक उरला ५. प्रत्येक मशीनने आपापलं काम चोख केलं, आणि दोघांनी मिळून दिशा पुसट केली. म्हणून २००४ पासून एकमेकांशी वायरलेस बोलणारी मशीन बाजारात आली.

तिसरं, उशीर. माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे ५ मिलिसेकंदांत उत्तर देणाऱ्या सर्व्हरचं कौतुक होतं. डिजिटल मशीनलाही आवाजावर प्रक्रिया करायला काही मिलिसेकंद लागतात. पण दिशेचा सगळा खेळ ०.६५ मिलिसेकंदांच्या आतला आहे! दोन्ही कानांना सारखाच उशीर झाला तर फार बिघडत नाही. एकाच कानाला मशीन असेल, तर त्या कानाचा आवाज दुसऱ्याच्या कितीतरी मागून येतो. आणि मशीनचं टोक कानात सैल बसणारं असेल, तर थेट आत शिरलेला आवाज आणि मशीनचा उशिराचा आवाज एकमेकांत मिसळतात.

यात कुणी खलनायक नाही. दोन्ही कानांवरचे सगळे मायक्रोफोन एकत्र करून फक्त समोरचं बोलणं टिपायची सोयही आता काही मशीनमध्ये असते. गोंगाटात तिचा उपयोग होतो. पण दोन्ही कानांना जवळपास एकच सिग्नल मिळतो, म्हणजे दिशा पुन्हा गेली. समोरचं बोलणं हवं की मागून येणारी स्कूटर कळायला हवी? इंजिनिअरला इथे तोलूनमापून निवडावं लागतं. प्रश्न इतकाच, की ज्याचा कान आहे त्याला कुणी विचारलं का?

जे मोजलं नाही ते दिसलं नाही

कान तपासायला जाता तेव्हा काय होतं? हेडफोन लावतात, एकेका कानात सूर देतात, ऐकू आला की बटण दाबायचं. १९२० च्या दशकापासून हीच पद्धत आहे आणि ती उपयोगीही आहे. पण तिचा जो आलेख निघतो त्यात दिशेसाठी रकानाच नाही. दोन कान वेगवेगळे तपासल्यावर त्यांच्यातल्या फरकाचं काम कसं दिसणार?

२००४ मध्ये ग्लासगोचा स्टुअर्ट गेटहाउस आणि ऑस्ट्रेलियातला विल्यम नोबल यांनी ४९ प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. तिचा एक पूर्ण भाग दिशा आणि अंतरावर होता. बस जवळ येतेय की लांब जातेय हे कळतं का, असे साधे प्रश्न. उत्तरांमधून दिसलं की कमी ऐकू येण्यामुळे माणूस आयुष्यात किती अडतो, याचा संबंध नुसत्या मोठ्या-हळू आवाजाशी नाही, या दिशेच्या गोष्टींशीही आहे.

मेंदू नवा कान शिकतो

आता एक आशेची गोष्ट. १९९८ मध्ये नेदरलँड्समधल्या नाइमेखन इथे हॉफमन, व्हॅन रिस्विक आणि व्हॅन ऑप्स्टल यांनी काही निरोगी लोकांच्या बाहेरच्या कानात साचे बसवून घड्यांचा आकार बदलला. लगेच त्यांना आवाज वर आहे की खाली हे कळेनासं झालं. साचे तसेच ठेवून ते रोजचं आयुष्य जगत राहिले, आणि काही आठवड्यांत ते ज्ञान परत आलं. मेंदू नवा कान शिकला. साचे काढले तेव्हा जुना कानही तो विसरला नव्हता!

म्हणून घरात नवीन मशीन आलं असेल तर पहिल्या आठवड्यात निकाल लावू नका. सवय व्हायला वेळ लागतो, आणि कपाटात ठेवलेल्या मशीनची सवय होत नाही. तपासणीला सोबत जा आणि स्वतःहून विचारा: दोन्ही कानांना मशीन हवं का? दोन्ही एकमेकांशी जुळवून लावलीत का? रस्ता ओलांडताना गाडी कुठून येते ते कळत नाही, हेही सांगा. आलेखात ते दिसणार नाही.

आणि घरी? मागून हाक मारू नका, समोर या. एका वेळी एकानेच बोला. समारंभात त्यांना भिंतीला पाठ करून बसवा, म्हणजे मागचा गोंगाट कमी होतो. ते भलतीकडे बघून "कोण बोललं?" म्हणाले, तर हसू नका. आवाज त्यांच्यापर्यंत पोचलाय. कुठून आला, एवढंच कळलेलं नाही. तेवढं आपण हात वर करून सांगू शकतो.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत रस्त्यावर चालताना एक तरी इअरफोन काढून ठेवा, आणि काळजी घ्या.